अक्षता झाडायचा दिवस

बाई, आज सकाळी मी कराटेचा क्लास सोडायला गेलो होतो.

वाक्य पाठ करून गेलो होतो. ‘सर, आता नाही जमत.’ एवढंच. पुढं काही विचारलंच तर गुडघा दाखवायचा, असंही ठरवलं होतं; फक्त कुठला गुडघा, ते ठरवायचं राहिलं होतं. गंगापूर रोडच्या सिग्नलला ते वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, तर शेजारचा रिक्षावाला म्हणाला, “नाही जमत तर गाडी बाजूला घ्या ना, साहेब.”

आता घरी आलोय. ऑफिसला उशीर झालाय, पोटऱ्या थरथरताहेत, समोरचे पोहे गार होताहेत, आणि मला आधी तुम्हाला सांगायचंय. ‘मी सांगू, मी सांगू’ करत अर्धं बाकावर उठून बोट नाचवणारी पोरं असायची ना वर्गात, तसं झालंय. आठवीत तुमच्या गणिताच्या तासाला माझं बोट असं कधी वर गेलं नाही. गेलं ते फक्त ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ यासाठी, आणि तेही तुम्ही फळ्याकडं वळल्यावर.

तर तुम्ही मे महिन्यात गेलात. भर सुट्टीत. यावरूनच मला पहिलं भांडायचंय. दाढदुखी असो, लग्नकार्य असो की घराची रंगरंगोटी, मुलांचा तास बुडू नये म्हणून सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकायची तुमची सवय सगळ्या शाळेला माहीत होती. पण हेही? दुपारी जरा पडते म्हणालात आणि उठलाच नाहीत. आपली जोडी जूनअखेर ब्राउन बेल्टच्या परीक्षेला बसणार होती, बाई. परीक्षेच्या आधी वर्ग सोडून जाणाऱ्याला तुमच्याकडं काय शिक्षा होती, आठवतंय ना?

तुम्ही क्लासला पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. मी तेव्हा मोठ्यांच्या बॅचमधला त्यातल्या त्यात जुना, हिरव्या पट्ट्याचा, आणि त्या पट्ट्याचा मला भयंकर माज. आरशासमोर पवित्रा घेऊन उभा होतो. पाठीमागून आवाज आला, “देवरे, पाठ सरळ!” आणि माझी पाठ मला न विचारता सरळ झाली. वळून बघतो तर शिंदेबाई! निवृत्त झालेल्या, कोऱ्या ड्रेसची घडी न मोडलेल्या, कमरेला पांढरा पट्टा, कपाळावर तीच टिकली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, चालणं तुम्हाला कंटाळवाणं वाटलं, म्हणून तुम्ही लाथा मारायला आलात.

सर म्हणाले, “बाई, आपल्याकडं ज्याचा पट्टा वरचा तो सीनियर. सीनियरला आधी वाकायचं.” सर आपल्या दोघांहूनही वयानं लहान, पण नियम म्हणजे नियम. तुम्ही लगेच, अगदी शिस्तीत, माझ्यापुढं वाकलात. आणि मी? ज्या बाईंनी मला बाकावर उभं केलं त्या मला वाकताहेत म्हटल्यावर माझा सगळा माज गुडघ्यात उतरला आणि मी तुमच्या पाया पडायला झेपावलो. दोन डोकी अधल्यामधल्या उंचीवर अशी आपटली, की मागची सगळी बॅच ‘आई गं’ म्हणाली. मला टेंगूळ आलं, तुमची टिकली माझ्या भुवईवर येऊन चिकटली. तुम्ही डोकं चोळत म्हणालात, “गणितात कच्चा होतास, भूमितीतही आहेस.”

मी तुम्हाला पूर्ण ताकदीनं दिलेला तो एकच तडाखा. पुढं आपली जोडी लागली, तुम्ही मला गाठलंत, आपण बरोबरीनं पट्टे बदलले, पण त्या दिवसानंतर माझा एकही पंच तुमच्यापर्यंत पोचला नाही. आणि तेच तर आपलं भांडण.

सरांची शिकवण सोपी होती. जोडीदाराला मारताना पंच पूर्ण वेगानं काढायचा, आणि मूठ समोरच्याच्या ड्रेसच्या कापडाला टेकली की थांबायचं. कापडाला लागलं पाहिजे, अंगाला लागता कामा नये. अलीकडं थांबलात तर भित्रे, पलीकडं गेलात तर आडदांड. तुमचा पंच बरोबर माझ्या कापडाशी यायचा. ड्रेस ‘फट्’ असा वाजायचा आणि मला कापडाखाली गुदगुली व्हायची. माझा पंच निघायचा जोरात, गर्जना तर अशी की मंगल कार्यालयाचा वॉचमन उठून यायचा, आणि तुमच्यापासून वीतभर अलीकडं मूठ हवेत उभी.

“अजून पुढं.”

“आलो की, बाई.”

“कुठं आलास? एवढ्या जागेतून एसटी जाईल.”

सरही म्हणायचे, “देवरे, एवढं अंतर असेल तर माणसं बोलून मिटवतात. हा असा पंच बघून मी तुला ब्राउन देणार नाही.”

मी म्हणायचो, वयाचा मान असतो बाई. तुम्ही फिस्कारायचात, “वय माझं आहे, तू का वागवतोस? मला तुझी दया नको, पंच हवा. मी एवढी उभी राहते ना तुझ्यासमोर डोळे उघडे ठेवून? त्याचा अपमान करतोस तू.” रविवारी क्लासनंतर मिसळ खातानासुद्धा हाच विषय. पाव हातात धरून तुम्ही मला अंतर दाखवायचात. मी एकदा तो पाव खरोखर तुमच्या ओढणीपर्यंत नेला, तर रश्शाचा डाग पडला. “हे बघ,” तुम्ही म्हणालात, “पाव पोचतो. मूठ पोचत नाही.”

दया नव्हती, बाई. हे सांगायचं राहिलं. साधी भीती होती. मूठ तुमच्या जवळ यायला लागली की मी आपोआप आठवीत जायचो. तळहात पुढं, डोळे मिटलेले, आता छडी बसणार. जिच्यासमोर लहानपणी हात पुढं करून छडी खाल्ली, तिच्यासमोर तोच हात मूठ करून पुढं न्यायचा? हात नाही म्हणायचा. आणि आणखी एक. यंदा मार्चपासून तुम्ही कार्यालयाचा जिना चढताना कठड्याला हात लावायला लागला होतात. एका पायरीवर थांबून भिंतीवरची केटररची जाहिरात वाचल्यासारखं करायचात. ती जाहिरात आपल्याला तोंडपाठ होती. मीही शेजारी थांबून ती वाचायचो. आपण दोघांनी मिळून त्या जाहिरातीचं जेवढं कौतुक केलं, तेवढं त्या केटररच्या आईनंही केलं नसेल.

आपला क्लास मंगल कार्यालयात भरतो हे बाहेर कुणाला सांगितलं तर पटत नाही. एप्रिल सरता सरता लग्नसराई पेटते, मालक सरांपुढं हात जोडतात, आणि क्लासला उन्हाळी सुट्टी. जूनमध्ये मुहूर्त आटोपले की हॉल पुन्हा आपला. पहिल्या दिवशी कराटे नंतर, आधी झाडू. सतरंज्यांखाली, खांबांच्या कडेला, स्टेजच्या फटीत, जिथं बघाल तिथं कुंकवातल्या अक्षता. तुम्ही म्हणायचात, “शाळेत पहिल्या दिवशी नवी पुस्तकं मिळतात, इथं केरसुणी मिळते.” पण त्या दिवसाची वाट तुम्ही महिनाभर बघायचात. मीही.

गेल्या वर्षी तर आपण एवढी वाट बघितली की एक दिवस आधीच पोचलो. म्हणजे माझ्यामुळं पोचलो; ग्रुपवरचं वाचून तुम्हाला कळवायचं काम माझं होतं. एक लग्न पुढं गेलंय, क्लास उद्या नाही परवा, असा सरांचा मेसेज ग्रुपवर होता. मी तो ग्रुप आवाज बंद करून ठेवला होता, कारण त्यावर रोज सकाळी फुलं यायची. आपण दोघं पांढरे ड्रेस घालून, पट्टे बांधून, अनवाणी हॉलच्या दारात उभे, मी आत न बघताच कमरेत वाकून ‘ओस!’ अशी सलामी ठोकली, आणि मान वर केली तर समोर सकाळच्या नाश्त्याची पंगत. मुलीचे मामा धावत आले.

“किती उशीर! बाकीचे आचारी कुठंयत? आणि हे पट्टे कसले?”

मी म्हटलं, “अहो, आम्ही कराटे...”

“ते नंतर करा. आधी तिकडं मठ्ठा कमी पडलाय.”

मी पळायच्या बेतात होतो. तुम्ही शांतपणे मठ्ठ्याचं भांडं उचललंत. पंगतीतून फिरताना कुणी ‘बास, बास’ म्हटलं तर ‘अर्धा ग्लास टाकू नकोस, पूर्ण पी’ असा दमही दिलात, आणि माणसं प्यायली. शेवटी नवरीच्या आईनं तुम्हाला ब्लाउजपीस दिला, ओटी भरली आणि मला टॉवेल-टोपी. बाहेर स्कूटरवर तुमची वाट बघत बसलेल्या आप्पांनी आपल्याला बघितलं. पट्ट्यात खोचलेला ब्लाउजपीस, डोक्यावर टोपी. म्हणाले, “लय लवकर पास झाले का काय?”

आप्पा म्हणजे तुमचे यजमान. सायखेड्याचे, अजून आठवड्यातले चार दिवस शेतावर, पण सकाळी तुम्हाला क्लासला सोडायला आणि न्यायला हटकून हजर. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, टोपी. वर येऊन हॉलच्या गॅलरीतल्या खिडकीच्या गजांतून आपला सराव बघायचे आणि शेरे मारायचे. माझी लाथ बघून एकदा म्हणाले होते, “आमच्याकडं म्हैस दूध द्यायची नसली की अशीच मारती.”

यंदा एप्रिलच्या शेवटच्या दिवशी आपण भांडूनच घरी गेलो. “सुट्टीत भिंतीसमोर सराव कर,” तुम्ही म्हणालात. “भिंतीची तुला कीव येणार नाही.” मी भिंतीऐवजी फ्रिज घेतला, कारण त्याच्या हँडलला नॅपकिन लटकतो आणि मला कापडाशी थांबायचं होतं. आमरसाचं पातेलं ठेवायला बायको आली, मी तिला वाट द्यायला वळलो आणि मूठ पलीकडं गेली. फ्रिजच्या दाराला पोचा आला. बायको एवढंच म्हणाली, “त्यानं काय केलं होतं?” मी पोच्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर आलं: ‘प्रगती आहे. आता कापडाशी.’

त्यानंतर तुमचा मेसेज नाही.

भेटायला घरी आलो होतो, बाई. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहिलो, आणि हात जोडायच्या ऐवजी पाय जुळले, पाठ सरळ झाली आणि तोंडातून खणखणीत ‘ओस!’ निघून गेलं. खोलीभर बसलेल्या बायका दचकल्या. कुणी तरी विचारलं, “कोण हो हे?” आप्पा म्हणाले, “तिचा विद्यार्थी.” मग थांबून म्हणाले, “नाय नाय. सीनियर हाय तो तिचा.” तेव्हा मी बाहेर जाऊन चपला शोधल्यासारखं करत बराच वेळ वाकून उभा राहिलो. चपला पायातच होत्या.

तेव्हाच ठरवलं, बास. जोडीदार नाही, परीक्षा नाही, आणि आपला पंच तसाही कुणापर्यंत जात नाही.

तर आज. मी शर्टपँटमध्ये जिना चढलो. जाहिरातीपाशी थांबलो, वाचली. वर सर हॉलच्या मध्यभागी उभे. मी म्हटलं, “सर, आता...” त्यांनी माझ्या हातात केरसुणी दिली. बाई, केरसुणी हातात असताना माणसाला राजीनामा देता येत नाही, करून बघा. मी झाडायला लागलो. यंदा लग्नं जोरात झालेली दिसतात. स्टेजखालून अक्षतांचा असा लोट निघाला की मी ‘अरे बघा बघा’ म्हणून सगळ्यांना बोलावलं. वाकून वाकून घाम आला, अंग मोकळं झालं, आणि मला शिटी वाजवावीशी वाटू लागली. शरमच वाटली. पण वाजवली.

सर म्हणाले, “ड्रेस आहे?”

“डिकीत आहे,” मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. एप्रिलपासून डिकीत होता. न धुता. नाशिकचा अख्खा उन्हाळा त्यानं स्कूटरच्या सीटखाली घामासकट काढला होता. मी तो अंगात घातला तेव्हा शेजारचे दोघे सरावासाठी म्हणून खूप लांब गेले. त्यात महिनाभराचा आमरस पोटावर चढलेला. पट्ट्याची गाठ कशीबशी बसली, पण बाहेर आलेली टोकं उंदराच्या शेपटीएवढी.

ओळीत गुडघ्यांवर बसलो, डोकं जमिनीला टेकवून नमस्कार केला, आणि वर बघतो तर सगळ्यांच्या कपाळाला एकेक दोनदोन लाल अक्षता चिकटलेल्या! कितीही झाडलं तरी राहतातच. दरवर्षी तुम्ही हे बघून हसायचात आणि कुणालाही पुसू द्यायचा नाहीत. आज कुणीच पुसल्या नाहीत. कुणी काही ठरवलं नव्हतं.

मग सर म्हणाले, “जोड्या लावा.”

जोड्या लागल्या. मी उरलो. थोडं तुमच्यामुळं, थोडं ड्रेसमुळं. सर माझ्याकडं यायला निघाले तेवढ्यात खिडकीच्या गजांतून आवाज आला, “त्याला कोणी नाय का?”

आप्पा! सवयीनं उठले, सवयीनं स्कूटर काढली आणि इथं आल्यावर लक्षात आलं म्हणे, की मागं कुणी बसलेलं नाही. तरी उतरून, जिना चढून खिडकीशी उभे राहिले होते. दारात आले, चपला काढल्या. कुणी काही म्हणायच्या आत माझ्यासमोर तुमच्या जागेवर उभे राहिले.

सर म्हणाले, “आप्पा, ड्रेस नाही तुम्हाला.”

आप्पांनी सदऱ्याकडं बघितलं. “मी कायम डिरेसवरच असतो.”

मी पाया पडायला निघालो आणि मधेच आठवलं. एक पाऊल मागं घेतलं. मग आम्ही दोघं वाकलो, आणि काही आपटलं नाही.

“मार,” आप्पा म्हणाले.

मी मारला. गर्जना, वेग, सगळं. आणि मूठ वीतभर अलीकडं हवेत. आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“हे कोणाला? मी इथं हाय.”

“आप्पा, तुम्हाला लागेल.”

“ती रोज घरी येऊन सांगायची. देवरे चांगला हाय, पण माझ्यापर्यंत येतच नाय. गेल्या साली म्हणली, मला वाटतं तो घाबरतो मला, बोलत नाय.” त्यांनी टोपी नीट केली. “तिला ठाव होतं रे. आता मार. मी काय तुला गणित शिकवलेलं नाय.”

तुम्हाला माहीत होतं, बाई! एवढी वर्षं दया दया म्हणून मला पिडलंत, आणि माहीत होतं!

तो राग असेल, की हसू असेल, मला कळलं नाही. कंबर वळली, टाच जमिनीत रुतली, मूठ निघाली, आणि या वेळी ती आठवीत गेली नाही. सरळ गेली. ‘फट्.’ अख्ख्या हॉलमध्ये ऐकू आलं. आप्पांचा सदरा वाजला, टोपी तिरकी झाली, आणि माझी मूठ तिथंच, कापडावर. खाली त्यांचा श्वास हलत होता, तो बोटांना कळत होता.

मीच घाबरून विचारलं, “लागलं का, आप्पा?”

आप्पांनी छातीवर हात ठेवला. नीट तपासून बघितलं.

“सदऱ्याला लागलं,” म्हणाले. “मला नाय.”

सर फक्त पुढच्या जोडीकडं वळताना म्हणाले, “परीक्षेला हीच जोडी.” आप्पा म्हणाले, “शेताला पाणी पहाटेच देऊन येईन मग.” आणि खाली जाताना जिन्यात, त्या जाहिरातीपाशी, ते थांबले. मी शेजारी थांबलो. दोघांनी वाचली. मग आप्पा नाकाला हात लावून म्हणाले, “उद्या डिरेस धुऊन आण. ती असती तर वर्गाबाहेर उभा केला असता तुला.”

घरी आलो तर दारातच बायकोनं माझ्या कपाळाकडं बघितलं. “सकाळी सकाळी कुणाच्या लग्नाला गेला होतास?”

“क्लासला.”

“सोडलास ना?”

“साबणाची पावडर कुठंय?” मी विचारलं.

आता ड्रेस बादलीत भिजतोय, बाई. गुडघ्यांना, बाह्यांना लागलेलं कुंकू सुटलं आणि सगळं पाणी गुलाबी झालंय. नाशिकच्या या उन्हात दुपारपर्यंत खडखडीत वाळेल. पोहे पार गार झालेत, आणि मूठ अजून गरम आहे.

उद्या सकाळी पुन्हा. कापडाशी.